वरणातली पुडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि ज्या वर्गात मी ‘पेशंटनं खरं सांगावं असं वाटत असेल तर आधी आपण खरं वागा’ असं घसा फोडून सांगते, त्या वर्गात तर नाहीच नाही. ज्या दोघींना सांगणं भाग होतं, त्यांच्यापर्यंत मी अलीकडेच पोचले. त्यांच्यानंतर तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही, आणि तेच बरं आहे — ओळखीच्या माणसासमोर मी लगेच शहाणी होते.

आधी थोडी बढाई ऐकून घ्या. ती खोटी नाही, म्हणून लाजत नाही. मी डॉक्टर आहे, अमरावतीत फॅमिली मेडिसिन शिकवते. म्हणजे घरचा डॉक्टर कसा असावा ते — आजीच्या गुडघ्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत सगळं बघणारा, आणि घरात कोण कोणाशी बोलत नाही हेही ठाऊक असणारा. अलीकडे काही वर्षं आणखी एक काम अंगावर घेतलं आहे. जे डॉक्टर नव्या डॉक्टरांना शिकवतात, त्यांनाच मी शिकवते. विषय एकच : व्यसनाचा पेशंट. कधी अमरावतीला, कधी अकोल्याला, दोन-दोन दिवसांचं शिबिर.

आणि मी चांगली शिकवते. हे नम्रपणे कसं सांगायचं ते मला जमत नाही, तेव्हा सरळच सांगते.

सकाळी वर्ग भरला की मी टेबलावर स्टीलचं ताट ठेवते आणि म्हणते, ज्याच्या-त्याच्या खिशातला खर्रा इथे काढा. हशा होतो. माना फिरतात. मग मागच्या बाकावरून एखादे ज्येष्ठ सर उठतात आणि सुपारी-तंबाखूची ती घोटलेली पन्नी ताटात ठेवतात, मग दुसरे, मग तिसरे. कर्करोगाचे फोटो दाखवून व्याख्यानं देणारी ही माणसं! मी कुणाला काही बोलत नाही. एवढंच विचारते — आत्ता उठून ताटापर्यंत येताना कसं वाटलं? तुमच्या पेशंटला तुमच्या टेबलापर्यंत येताना तसंच वाटतं. त्यानंतर दिवसभर त्या वर्गात कुणी पेशंटला ‘बेवडा’ म्हणत नाही.

माझी दुसरी आवडती जागा साखरेची. साखरेच्या पेशंटनं लग्नात जिलेबी हाणली तर आपण त्याला हाकलून देतो का? रागावतो, तपासतो, औषध बदलतो, पुन्हा बोलावतो. मग दारू सोडलेला माणूस पुन्हा प्याला की ‘हा काही सुधारायचा नाही’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक का मारतो? इथे वर्गातली पेनं थांबतात. कारण सगळ्यांनीच ती हाक मारलेली असते.

आणि जेवणानंतर, माणसं पेंगायला लागली की, मी माझा हुकमाचा एक्का काढते. एका डॉक्टरांची गोष्ट.

दर्यापूरकडचे एक डॉक्टर होते, मी सांगते. दवाखाना नवा, हाताला यश बरं. त्यांच्याकडे एक बाई आली. गुडघा दाखवायला आली, पण गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. नवरा फार पितो, म्हणाली. डॉक्टरांनी तिला दारू सोडवायची गोळी दिली — नवऱ्याला न सांगता जेवणात मिसळायला. ही गोळी नुसती पोटात गेली तर सहसा कळतही नाही. पण ती अंगात असताना दारू प्यालं की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या सुटतात, रक्तदाब पार खाली येतो. माणसानं जाणून-बुजून गोळी घेतली असेल तर तीच भीती त्याची राखण करते. आणि त्याला ठाऊकच नसेल तर? तर आपण त्याच्या ताटात सापळा लावलेला असतो. तो नवरा प्याला, कोसळला, थोडक्यात वाचला. धडा काय? गोळी वाईट नाही. माणसाच्या पाठीमागे त्याच्यावर उपचार करणं वाईट. शरीर त्याचं, निर्णय त्याचा.

सगळे लिहून घेतात. कितीतरी जण माना खाली घालतात, कारण वऱ्हाडात असा घरचा डॉक्टर सापडणं कठीण, ज्याच्याकडे एखादी बाई अशी गोळी मागायला आली नाही. शिकवणं म्हणून ही गोष्ट उत्तम आहे. मी ती अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी जमली आहे.

तो डॉक्टर मी.

झालं, सांगून टाकलं — असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटत आलं, की लपवण्यासारखं आहे ते एवढंच. गोष्टीतला डॉक्टर पुरुष करून टाकला की कुणाला वास लागत नाही, आणि चुकीतून लोकांना शिकवतेच आहे की मी! पण नाही. एवढंच असतं तर मी हा कागद खराब केला नसता. गोळी देणं ही चूक होती. चुका मी पुष्कळ केल्या आहेत आणि त्यांच्याकडे सरळ बघू शकते. ज्याच्याकडे बघू शकत नाही ते गोष्टीत येतच नाही. मी ती गोष्ट नेहमी एक पाऊल आधी थांबवते.

बाईचं नाव रेखा म्हणू. खरं नाव तेवढं माझ्याजवळ राहू द्या. दर्यापूरपासून जवळच्याच गावची, कोरडवाहू पण बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली धाकटी सून. नवरा गजानन — शुद्धीत असला की लाजाळू, प्याला की हात उचलणारा. तिनं गुडघ्यावरचं पातळ खाली केलं आणि दाराकडे बघत म्हणाली, “डाक्टरीनबाई, ह्याईले काई सांगू नका. सांगतलं त गोळी थुकून देतीन अन् मले मारतीन.” मी तिला नवऱ्याला घेऊन ये म्हटलं का? एकदा म्हटलं. एकदाच. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि मी पुढचं बोलले. खरं सांगू? मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. एका बाईचा संसार मी वाचवून राहिले, असं.

आणि मी एक शहाणपणा केला. गोळ्या पाकिटातून काढून दवाखान्यातच खलात कुटल्या आणि साध्या कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. नाव नाही, कंपनी नाही, काही नाही. वरणात घाल, म्हटलं, वरणात कळत नाही. आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नकोस — माझं नाव तर नाहीच. तिनं माझ्या टेबलावरच्या देवाच्या तसबिरीला हात लावला. मी तशी शपथ मागितलीही नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात पिणं असतंच. गजानन मित्रांबरोबर बसला आणि तिथंच आडवा झाला. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, तो वाचला. घरच्यांना आधी वाटलं दारूच खराब होती. पण बाकीचे प्यालेले ठणठणीत होते. मग सासूनं स्वयंपाकघर धुंडाळलं, आणि मसाल्याच्या डब्याखाली उरलेली पुडी सापडली.

ती पुडी घेऊन ते माझ्याकडे आले. मोठा दीर, सासू, आणि मागे रेखा. तिला आणलं होतं, ती आली नव्हती. दिरानं पुडी टेबलावर ठेवली. माणूस सभ्य होता. रेखाकडे बोट करून, आवाज न चढवता म्हणाला, “मॅडम, हे म्हनते हे दवा हाय. कोनाची, ते सांगून नाई राहिली. गावात तुमच्याशिवाय कोनाकडं जात नाई हे. तुमची हाय का? आमी तुमच्या शब्दावर भरोसा ठेवतो.”

माझ्या शब्दावर भरोसा. बघा आता. त्या खोलीत माझ्या एका शब्दानं सगळं ठरणार होतं आणि ते मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं — हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे गोंधळले होते, भांबावले होते अशी पळवाट मला उरायला नको. ‘हो, मी दिली, दारू सोडवायची आहे, विष नाही’ — एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? आरडाओरड झाली असती. कदाचित पोलिसात गेले असते. दवाखान्याची काच फुटली असती. आणि रेखा, नवऱ्याची दारू सोडवायला धडपडणारी बायको म्हणून घरी गेली असती.

रेखा माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती हो त्या बघण्यात. तिला खात्री होती. आता डॉक्टरीनबाई बोलतील आणि संपेल, असं तिचं तोंड होतं.

मी पुडी उघडली. माझीच घडी, माझ्याच हातची. हुंगल्यासारखं केलं — हुंगल्यासारखं, ऐका! — आणि म्हणाले, “माही नाई. मी असं काई देत नाई.”

इथे थांबले असते तरी एक वेळ भीतीच्या खात्यात टाकता आलं असतं. मी थांबले नाही. पुडी बंद करून दिराच्या हातात परत दिली आणि म्हणाले, “कुठून आनली, ते तिलेच विचारा.”

हे आहे ते. पहिलं वाक्य मी घाबरून बोलले. दुसरं हुशारीनं बोलले. तिलेच विचारा — म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं का? घरातल्या सुनेला चार माणसं मिळून कसं विचारतात, हे गावात दवाखाना चालवणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? तसं विचारलेल्या बायांचे हात मीच प्लास्टरमध्ये घातले होते.

 रेखानं मान खाली घातली, आणि पदर नीट केला. ‘खोटं बोलतात ह्या’ असं तिनं म्हटलं असतं, तर एका डॉक्टरच्या शब्दापुढे ते टिकलं नसतं, हे खरं. पण तिनं म्हटलंच नाही.

नंतरचं थोडक्यात. नवऱ्याला विष घालणारी म्हणून तिला माहेरी धाडलं, मग सोडचिठ्ठी. मुलगी पल्लवी तेव्हा सहावीत होती. ती ठेवून घेतली, विष घालणाऱ्या आईच्या हातात पोर कशी द्यायची? आणि गजानन — ह्यावर हसावं की काय करावं मला अजून कळलेलं नाही — गजाननची दारू सुटली. मरणाच्या दारातून आलो म्हणून त्यानं माळ घातली, ती आजतागायत. गावात त्याला मान आहे. म्हणजे कागदावर बघाल तर माझा उपचार यशस्वी झाला.

मी पुढे दर्यापूर सोडलं, अमरावतीला आले, वर चढत गेले. रेखा अकोल्यात भावाकडे आहे, एका खानावळीत पोळ्या लाटते, कृषी विद्यापीठाची पोरं तिथे जेवतात — हे मला माहीत होतं. कसं? मी माहिती ठेवत होते. विचारपूस करायची, आणि जायचं नाही. अकोल्याच्या शिबिराला जाताना रिक्षा त्या रस्त्यानं न्यायची नाही, लांबून घ्यायची. भाडं जास्त पडतं, पडू दे. आहे ना गंमत? लाज कशी ओलांडावी हे शिकवणारी बाई रस्ता बदलून जाते!

गेल्या वेळच्या अकोल्याच्या शिबिरात डॉक्टर वानखडे म्हणून एक होते. वय माझ्याएवढं, आवाज मोठा, ताटात सगळ्यात जाडजूड खर्ऱ्याची पन्नी त्यांची. सकाळपासून मी त्यांची टिंगल करत होते आणि तेही मजेत घेत होते. माझा हुकमाचा एक्का टाकून झाला, सगळ्यांनी लिहून घेतलं, आणि ह्या गृहस्थांनी हात वर केला. “मॅडम, मानूस वाचला, डाक्टर शिकला, आमीबी शिकून राहिलो. पन त्या बाईचं काय झालं?”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. गोळीचा डोस विचारतात, कायदा विचारतात. बाईचं कुणी विचारत नाही, कारण मी गोष्ट सांगतेच अशी की ती बाई दारातून आत येते, गोळी घेते आणि विरून जाते. मी तयारीची बाई. पटकन म्हणाले, “बरी आहे. संसार नीट चाललाय तिचा.”

वानखडे “बरं झालं” म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं. त्या माणसाला मी अगदी सहज फसवलं आणि मला कळलं, की दर्यापूरच्या खोलीतून मी अजून बाहेर पडलेले नाही. तिथंच बसून आहे, तीच पुडी परत देते आहे.

दुसऱ्या दिवशी शिबिर आटोपलं आणि मी रिक्षावाल्याला सरळ रस्त्यानं घ्यायला सांगितलं.

रेखा खानावळीच्या मागच्या पडवीत होती. केस पांढरे, हात मात्र भराभर चालणारे. तिनं मला एका नजरेत ओळखलं. बसा म्हणाली नाही. “आता काऊन आल्या, इतक्या वर्सांनी?” म्हणाली. पोळी तव्यावर टाकली, उलटली. मी बरंच काही ठरवून गेले होते, त्यातलं निम्मं तिथं बोलण्यासारखं नव्हतंच. मी खोटं बोलले, म्हटलं. तुझ्या समोर बोलले. मला ठाऊक होतं तुझं काय होईल.

ती म्हणाली, “मले सांगून काय? मले त माहीतच होतं.” मग पुढची पोळी लाटत, माझ्याकडे न बघता, “तुमीच म्हनलं होतं, कोनाले सांगायचं नाई. मी नाई सांगतलं. आता तुमीच सांगा. ह्याईले नाई, दिराले नाई. माह्या पोरीले सांगा. फोनवर नाई, समोर बसून, तोंडानं.” पत्ताही तिनंच सांगितला. अमरावतीतच होती पल्लवी, माझ्या घरापासून फार लांब नाही. मुलीच्या घराचा पत्ता आईला पाठ होता. त्या घरी ती कधी गेलेली नव्हती.

मी त्याच आठवड्यात गेले. पल्लवी आता तिशीच्या घरात आहे, बँकेत नोकरी करते. रविवार होता, नवरा बाहेर गेला होता. मी कोण ते सांगितलं तेव्हा हसली, “बाबांच्या तोंडून नाव ऐकलंय तुमचं,” म्हणाली, पंखा लावला. मी सगळं सांगितलं. आधीपासून, क्रमानं, केस मांडावी तसं — गुडघा, गोळी, खल, पुडी, दीर. माझी ती दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली. रडले नाही. माझं रडणं तिनं कशाला बघायचं?

 माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं : “म्हणजे ते विष नव्हतं?” नव्हतं, म्हटलं. औषध होतं. मी दिलेलं. तुझ्या आईनं माझं ऐकलं, एवढंच तिनं केलं.

मग ती उठून खिडकीपाशी गेली. चांगलं शिकलेलं, बँकेतलं बोलणं तिचं, ते मध्येच सुटलं आणि ती गावातल्या पोरीसारखी बोलायला लागली.

“आई शाळेत यायची,” म्हणाली. “अकोल्याहून, बसनं. फाटकाशी उभी राह्यची डबा घेऊन. आजीनं सांगतलं होतं, तिच्या हातचं खाशीन त मरशीन. मी डबा घ्यायची तिच्या हातातून. तिच्यासमोर नाई म्हनायची नाई मी, भेव लागे. अन् ते गेली का नालीत ओतून देयाची.”

खिडकीच्या गजावरची धूळ तिनं बोटानं पुसली.

“नववीपर्यंत यायची ते. दर वेळी मागचा धुतलेला डबा वापस नेयाची, अन् विचारायची, आवडलं का? मी हो म्हनायची.”

मी उठले.  तिनं मला चहा विचारला नाही, दारापर्यंतही आली नाही. चपला घालताना मी तिचा आवाज ऐकला. ती आईला फोन लावत होती. पलीकडून फोन उचलला गेला असावा, कारण ती “आई” म्हणाली.

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले.